वर्षाला १.७ कोटी डॉलर की १.२५ कोटी? आइस हॉकीतील सॅलरी कॅप आणि मोठ्या खेळाडूंचा मोबदला

प्रश्न: इंदिरानगरकर

सर्वांना नमस्कार. या मंचावर बहुतांश चर्चा रणजी सामने, कबड्डी आणि धावण्याच्या शर्यतींची असते, हे मला ठाऊक आहे. तरीही खेळाडूंच्या मोबदल्याविषयीचा एक प्रश्न इथल्या जाणकारांपुढे ठेवावासा वाटतो, कारण ठरावीक रकमेत संघ बसवण्याचा विचार आयपीएल आणि प्रो कबड्डीमुळे आपल्यापैकी अनेकांनी केलेला आहे.

मी गेली काही वर्षे उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे सामने नियमित पाहतो. हिवाळ्यात टोरोंटोचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, त्यामुळे अंबडला कामावर निघण्यापूर्वी निम्म्याहून अधिक सामना पाहून होतो. या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा असते, तिलाच सॅलरी कॅप म्हणतात, आणि अधिक पैसे मोजून ती ओलांडण्याची मुभा श्रीमंतातल्या श्रीमंत संघालाही नाही. शिवाय एका खेळाडूला या मर्यादेच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम देता येत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस मिनेसोटा वाइल्डच्या किरिल काप्रिझोव्हने आठ वर्षांसाठी एकूण १३.६ कोटी डॉलरचा, म्हणजे वर्षाला सरासरी १.७ कोटी डॉलरचा करार केला. लीगच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा करार ठरला. त्यानंतर आठवडाभरातच एडमंटन ऑइलर्सच्या कॉनर मॅकडेव्हिडने दोनच वर्षांचा आणि वर्षाला १.२५ कोटी डॉलरचा करार केला. मॅकडेव्हिड हा आजचा सर्वोत्तम खेळाडू मानला जातो आणि हीच रक्कम तो २०१८ पासून घेत आला आहे.

खेळाडूची कारकीर्द लहान असते, दुखापत कधीही होऊ शकते आणि बाजार जी किंमत द्यायला तयार आहे ती न घेण्याचे त्याला काही कारण नाही, असे मला वाटते. परंतु संघाचा पाठीराखा म्हणून पाहिले, की एकाच खेळाडूवर एवढा खर्च झाल्यावर उरलेल्यांसाठी काय शिल्लक राहते, ही चिंता खरी वाटते. मोठ्या खेळाडूने संघासाठी कमी पैसे घ्यावेत ही अपेक्षा रास्त आहे का? आणि संघाच्या बाजूने पाहता, मर्यादेचा किती हिस्सा एका खेळाडूवर खर्च करणे शहाणपणाचे आहे?

उत्तर: हिशेबनीस, कॉलेज रोड

आपण दिलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते डॉलरमध्ये शेजारी ठेवले की दिशाभूल होते. या व्यवहारात खेळाडूचे प्रतिनिधी आणि संघाचे व्यवस्थापक दोघेही मर्यादेच्या टक्केवारीत विचार करतात, कारण ही मर्यादा स्थिर नसून लीगच्या उत्पन्नाबरोबर हलते.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. मालकांनी सॅलरी कॅपचा आग्रह धरला, खेळाडूंच्या संघटनेने तो नाकारला, मालकांनी सामनेच बंद ठेवले आणि त्या टाळेबंदीत २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. अखेर खेळाडूंनी चालू करारांमध्ये २४ टक्के कपात स्वीकारली आणि २००५-०६ मध्ये ३.९ कोटी डॉलरची पहिली मर्यादा लागू झाली. पुढे २०१२-१३ मध्ये पुन्हा टाळेबंदी होऊन हंगाम ४८ सामन्यांवर आला आणि त्यातून जो करार झाला, त्यानुसार हॉकीशी संबंधित उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा आणि निम्मा मालकांचा, असे ठरले. महासाथीमुळे उत्पन्न आटल्यावर मर्यादा सलग तीन हंगाम ८.१५ कोटींवर अडकून राहिली. दोन हंगाम किंचित वाढल्यावर ती वेगाने वाढली: २०२४-२५ मध्ये ८.८ कोटी, २०२५-२६ मध्ये ९.५५ कोटी, आणि लीगने आगाऊ जाहीर केल्याप्रमाणे २०२६-२७ साठी १०.४ कोटी व २०२७-२८ साठी ११.३५ कोटी.

आता पुन्हा करारांकडे पाहू. मॅकडेव्हिडने २०१७ मध्ये सही केलेला १.२५ कोटींचा करार २०१८-१९ मध्ये सुरू झाला तेव्हा मर्यादा ७.९५ कोटी होती, म्हणजे तो हिस्सा १५.७ टक्के होता. काप्रिझोव्हचा नवा करार २०२६-२७ पासून सुरू होईल आणि त्या वर्षीच्या मर्यादेत त्याचा हिस्सा सुमारे १६.३ टक्के असेल. म्हणजे ज्या कराराला आपण इतिहासातील सर्वांत मोठा म्हणतो, तो मॅकडेव्हिडच्या जुन्या करारापेक्षा संघावर किंचितच जड आहे. याउलट मॅकडेव्हिडचा नवा करार त्याच वर्षी केवळ १२ टक्के आणि पुढच्या वर्षी ११ टक्के जागा घेईल. बाजारभावापेक्षा इतका खाली असलेला करार या दर्जाच्या खेळाडूने केलेला मला तरी आठवत नाही.

यातून एक नियम हाती लागतो. करार दीर्घ मुदतीचा असेल आणि मर्यादा वाढत राहिली, तर दरवर्षी तो संघाला अधिकाधिक स्वस्त पडतो. कोलोरॅडोच्या नेथन मॅकिननने २०१६ मध्ये सात वर्षांसाठी वर्षाला ६३ लाख डॉलर स्वीकारले होते. त्या कराराच्या सहाव्या वर्षी, २०२२ मध्ये कोलोरॅडोने स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला तेव्हा लीगमधील पहिल्या काही खेळाडूंमध्ये गणला जाणारा हा माणूस मर्यादेचा आठ टक्के हिस्साही घेत नव्हता. नवा करार लागू झाल्यावर त्याचा मोबदला दुप्पट, म्हणजे १.२६ कोटी झाला, आणि तो त्याला मिळायलाच हवा होता.

उत्तर: पंचवटीकर

हिशेबनीस साहेबांचे गणित मान्य आहे, परंतु मर्यादा वाढतच जाईल असे गृहीत धरून बसलेल्या संघाचे काय होते, हे टोरोंटोच्या उदाहरणाशिवाय पूर्ण समजत नाही.

टोरोंटो मेपल लीफ्सने २०१८ आणि २०१९ च्या दरम्यान चार आघाडीच्या खेळाडूंशी करार केले. ऑस्टन मॅथ्यूजला सुमारे १.१६ कोटी, जॉन टवारेसला १.१ कोटी, मिच मार्नरला सुमारे १.०९ कोटी आणि विल्यम नीलँडरला सुमारे ७० लाख डॉलर, अशी ही वार्षिक रक्कम होती. चौघांची बेरीज ४ कोटींच्या थोडी पुढे जाते. मर्यादा दरवर्षी वाढत राहील या हिशेबाने केलेले हे करार होते आणि त्या वेळी तो हिशेब गैरही वाटत नव्हता. पण महासाथ आली, मर्यादा ८.१५ कोटींवर थांबली आणि तेवीस जणांच्या संघातील चौघेच निम्मी रक्कम घेऊ लागले. उरलेल्या निम्म्या रकमेत गोलरक्षक, संपूर्ण बचावफळी आणि आक्रमणाच्या उरलेल्या फळ्या उभ्या करायच्या होत्या. संघाने नियमित हंगाम अनेकदा गाजवला, पण या चौघांच्या एकत्र काळात प्लेऑफच्या दोनच मालिका जिंकल्या: २०२३ मध्ये टॅम्पाविरुद्ध आणि २०२५ मध्ये ओटावाविरुद्ध. २०२५ च्या उन्हाळ्यात मार्नर लास वेगासच्या संघात गेला.

चारही खेळाडू उत्तम होते आणि त्यांचा मोबदला त्यांच्या खेळाला शोभणाराच होता. फटका बसला तो मधल्या फळीला. ज्या खेळाडूची किंमत वर्षाला ३० ते ४५ लाख डॉलर असते, जो रोज गोल करत नाही पण प्रतिस्पर्ध्याचा हल्ला मोडतो, संघातला एखादा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना बर्फावर उतरतो आणि दुसऱ्या फळीला स्थैर्य देतो, त्याच्यासाठी अशा संघात जागा उरत नाही. त्याच्या जागी किमान वेतनावरचा अनुभवी किंवा नवखा खेळाडू आणावा लागतो, आणि प्लेऑफच्या सातव्या सामन्यात तो फरक उघड दिसतो.

शिकागोची कथा याहून बोलकी आहे. २०१० मध्ये कप जिंकल्यावर काही आठवड्यांतच त्या संघाला डस्टिन बफलिन, अँड्र्यू लॅड आणि क्रिस व्हर्स्टीग यांना केवळ मर्यादेपायी सोडावे लागले. ज्याने कप जिंकून दिला तो गोलरक्षक अँटी निएमी, लवादाने त्याला २७.५ लाख डॉलर देऊ केल्यावर, तेही परवडत नाहीत म्हणून गमवावा लागला. तरीही पॅट्रिक केन आणि जोनाथन टेव्ज यांच्या भोवती संघ पुन्हा बांधून शिकागोने २०१३ आणि २०१५ मध्ये कप जिंकला. त्यानंतर या दोघांचे प्रत्येकी १.०५ कोटींचे करार सुरू झाले, ब्रँडन साद आणि पॅट्रिक शार्प गेले, आणि २०१८ मध्ये संघ प्लेऑफपर्यंतही पोहोचला नाही. तीन कप मिळवून देणाऱ्या खेळाडूंना त्यांचे मोल दिले, याबद्दल मी त्या संघाला दोष देणार नाही. किंमत किती आणि कोणत्या वर्षी चुकवावी लागते, एवढेच मला दाखवायचे आहे.

उत्तर: नाशिकरोडची रेडर

मी आइस हॉकी फारशी पाहिलेली नाही, पण जिल्हा पातळीपर्यंत कबड्डी खेळले आहे आणि आता मुलींना शिकवते. त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीचा वाटतो.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात प्रत्येक संघाची एकूण पुंजी ५ कोटी रुपये होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६०.५ लाखांना घेतले, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका रेडरवर लावली. तो संघ गुणतक्त्यात शेवटचा आला. एवढेच उदाहरण दिले तर निष्कर्ष सोपा वाटेल. पण त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतले. तीही जवळजवळ निम्मी रक्कम झाली, आणि पलटण विजेती ठरली.

दोन्ही संघांनी एका माणसावर सारखाच डाव लावला होता. फरक बाकीच्या संघात होता. पलटणकडे नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखे तरुण खेळाडू आधीपासून होते, एकत्र खेळून तयार झालेले होते आणि त्यांच्या खेळाच्या मानाने त्यांच्यावरचा खर्च फार कमी होता. त्यामुळे शादलूईवर खर्च केल्यावरही संघात पोकळी राहिली नाही. टायटन्सकडे पवनला पकडले की रेड कोण करणार, याचे उत्तर नव्हते.

म्हणून एका खेळाडूवर किती टक्के खर्च करावेत, या प्रश्नाचा एकच आकडा निघेल असे मला वाटत नाही. बाकीचे खेळाडू किती स्वस्तात आणि किती चांगले मिळालेले आहेत, यावर ते ठरते. आपल्याकडे लिलावात खेळाडूच्या हाती काही नसते, बोली थांबेल ती त्याची किंमत. आइस हॉकीत खेळाडू स्वतः वाटाघाटी करतो, म्हणून तिथे स्वतःहून कमी घेण्याचा प्रश्न उद्भवतो. तिथे स्वस्त तरुण खेळाडू कुठून येतात, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: हिशेबनीस, कॉलेज रोड

ताई, आपले उदाहरण नेमके मर्मावर बोट ठेवणारे आहे. तिथे नवे खेळाडू ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेल्या तरुण खेळाडूंच्या निवडीतून येतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या मूळ पगारावरही कमाल मर्यादा असते (२०२५ पर्यंत ती वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतच होती), मग तो मॅकडेव्हिड असला तरी. त्यानंतरही साधारणपणे वयाची सत्ताविसावी किंवा लीगमधील सात हंगाम पूर्ण होईपर्यंत त्याला पूर्ण मोकळीक मिळत नाही. दुसऱ्या संघाने प्रस्ताव दिला तर मूळ संघाला सात दिवसांत तेवढीच रक्कम देऊन त्याला राखता येते, न राखल्यास मोबदल्यात ड्राफ्टमधील निवडीचे हक्क मिळतात. म्हणून कप जिंकणाऱ्या बहुतेक संघांत तुम्हाला असे दोन-चार तरुण दिसतील, ज्यांचा खेळ मोठ्या खेळाडूंचा आणि पगार नवख्यांचा असतो.

उत्तर: देवळालीकर

वरील सर्व चर्चा संघाच्या बाजूने झाली. मूळ प्रश्नाचा पहिला भाग नैतिक अपेक्षेचा होता, त्याविषयी माझे मत ठाम आहे: मोठ्या खेळाडूने कमी घ्यावे अशी अपेक्षा कोणीही करू नये, आणि त्याने स्वतःहून कमी घेतले तर तो त्याचा अधिकार मानावा.

आठ-आठ महिने चालणाऱ्या या खेळात खेळाडू दात, गुडघे आणि डोके पणाला लावून खेळतो. ज्या लीगमध्ये एकूण वाट्याची निम्मी-निम्मी विभागणी आधीच झालेली आहे, तिथे आपले मोल त्याने पुन्हा एकदा कमी करून घ्यावे, हे मला पटत नाही. शिवाय एका मोठ्या खेळाडूचा करार त्याच्यापुरता राहत नाही. पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत व्यवस्थापक त्याचा दाखला देतात. सर्वोत्तम खेळाडू १.२५ कोटींवर थांबला असेल, तर तुम्ही १.४ कोटी कसे मागता, असा प्रश्न इतरांना विचारला जातो. त्या दृष्टीने काप्रिझोव्हच्या कराराने इतर खेळाडूंचे भले केले आहे.

कमी पैसे घेतल्याने कप मिळतोच, असेही नाही. सिडनी क्रॉस्बी २००८-०९ पासून वर्षाला ८७ लाख डॉलर घेत आहे. तेव्हा मर्यादा ५.६७ कोटी होती आणि त्याचा हिस्सा १५ टक्क्यांहून अधिक होता. २०२४ मध्ये त्याने पुन्हा तीच रक्कम घेऊन दोन वर्षांचा करार केला आणि २०२५-२६ मध्ये त्याचा हिस्सा नऊ टक्क्यांच्या आसपास आला. पिट्सबर्गने त्याच्यासह २००९, २०१६ आणि २०१७ मध्ये कप जिंकले, हे खरे. पण २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी तो संघ प्लेऑफबाहेर राहिला. क्रॉस्बीने मोकळी करून दिलेली जागा वापरायला संघाकडे तरुण खेळाडूच नव्हते. त्याच्या त्यागाचा मला आदर आहे, आणि त्याचे चीज झाले नाही याचे मनापासून वाईट वाटते.

अजून एक बाब, जिच्याकडे दुर्लक्ष होते. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा अशा राज्यांत राज्य पातळीवर प्राप्तिकर नाही. तिथल्या संघाने देऊ केलेले एक कोटी डॉलर आणि कॅनडातील संघाने देऊ केलेले एक कोटी डॉलर मर्यादेच्या हिशेबात सारखेच असतात, पण खेळाडूच्या हाती सारखे पडत नाहीत. फ्लोरिडाच्या संघात खेळाडू कमी रकमेत राहतात आणि त्यांना आपण निष्ठावान म्हणतो, तेव्हा हेही लक्षात ठेवावे.

इंदिरानगरकर

सर्वांचे आभार. देवळालीकर काका, तुमचा मुद्दा माझ्या मनातलाच आहे. परंतु एक शंका उरते. मॅकडेव्हिडने काप्रिझोव्हपेक्षा वर्षाला ४५ लाख डॉलर कमी घेतले. ते पैसे शेवटी कोणाच्या खिशात जातात? मालकाच्या जात असतील, तर मॅकडेव्हिडचा निर्णय मला चुकीचा वाटेल.

उत्तर: हिशेबनीस, कॉलेज रोड

मालकाच्या खिशात जात नाहीत, आणि म्हणूनच मी देवळालीकर साहेबांशी पूर्ण सहमत नाही.

खेळाडूंचा एकत्रित वाटा उत्पन्नाच्या निम्मा असतो आणि तो करारांच्या बेरजेवर अवलंबून नसतो. हंगामात सर्वांच्या पगारातून काही रक्कम कापून बाजूला ठेवली जाते. एकूण पगार निम्म्यापेक्षा अधिक झाल्यास त्या राखीव रकमेतून मालकांना भरपाई मिळते, अन्यथा ती खेळाडूंना परत जाते. एडमंटनसारखा कप जिंकू पाहणारा संघ मर्यादेला टेकेपर्यंत खर्च करणारच. त्यामुळे मॅकडेव्हिडने सोडलेले ४५ लाख त्याच संघातील दुसऱ्या खेळाडूला मिळतात. थोडक्यात, तो आपल्या सहकाऱ्याचा पगार भरतो आणि मोबदल्यात त्याच्यासोबत खेळायला मिळते.

ही ४५ लाखांची रक्कम काय विकत घेते, हे एडमंटनला चांगले ठाऊक आहे. २०२४ च्या जूनमध्ये हा संघ फ्लोरिडाविरुद्ध अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला आणि हरला. ऑगस्टमध्ये सेंट लुईसच्या संघाने एडमंटनच्या दोन तरुण खेळाडूंना प्रस्ताव दिले: बचावपटू फिलिप ब्रोबर्गला वर्षाला सुमारे ४५.८ लाख आणि डिलन हॉलोवेला सुमारे २२.९ लाख डॉलर. एडमंटनकडे तेवढी जागा नव्हती. दोघेही गेले, आणि मोबदल्यात दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतील निवडीचा एकेक हक्क मिळाला. पुढच्या वर्षी त्याच फ्लोरिडाकडून एडमंटन पुन्हा अंतिम मालिकेत हरला. मॅकडेव्हिडने हे सगळे बर्फावरून पाहिले आहे. त्याने सोडलेली रक्कम जवळजवळ एका ब्रोबर्गएवढी आहे, आणि करार दोनच वर्षांचा ठेवून त्याने व्यवस्थापनाला मुदतही घालून दिली आहे. त्याच्या निर्णयात मला भाबडेपणा दिसत नाही.

उत्तर: पंचवटीकर

मिनेसोटाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली, तिच्याशिवाय काप्रिझोव्हच्या कराराचे मूल्यमापन अपुरे राहील.

त्या संघाने २०१२ मध्ये झॅक परिसे आणि रायन सुटर यांच्याशी प्रत्येकी तेरा वर्षांचे, ९.८ कोटी डॉलरचे करार केले होते. इतके दीर्घ करार २०१३ च्या नियमांनी बंद केले आणि कमाल मुदत संघातल्याच खेळाडूसाठी आठ वर्षांवर आणली. २०२६-२७ पासून ती आणखी एक वर्षाने कमी होत आहे. २०२१ मध्ये मिनेसोटाने दोघांनाही करार मोडून मोकळे केले, पण त्याचा भार मर्यादेवर राहिला. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत सुमारे १.४७ कोटी डॉलरची जागा, संघात नसलेल्या या दोघांनी अडवली होती. २०२४-२५ च्या मर्यादेत हा हिस्सा १६.७ टक्के येतो, म्हणजे काप्रिझोव्हच्या नव्या करारापेक्षाही थोडा अधिक. तेवढे ओझे वाहूनही तो संघ २०२५ मध्ये प्लेऑफला पोहोचला होता. २०२५-२६ पासून ते ओझे १७ लाखांच्या आत आले आहे.

त्यामुळे काप्रिझोव्हला १.७ कोटी देऊन मिनेसोटाने मोठा धोका पत्करला, असे मी म्हणणार नाही. जी जागा दोन वर्षे रिकामी जात होती, ती आता त्यांच्या सर्वोत्तम खेळाडूने भरली आहे. धोका असलाच तर तो आठ वर्षांच्या मुदतीत आहे, कारण करार सुरू होईल तेव्हा काप्रिझोव्ह एकोणतीस वर्षांचा असेल आणि संपेल तेव्हा सदतीस वर्षांचा असेल. मर्यादा जाहीर झाल्याप्रमाणे वाढत राहिली, तर शेवटच्या दोन-तीन वर्षांतला त्याचा हिस्सा सोसण्याजोगा राहील. ती २०२० प्रमाणे पुन्हा अडकली, तर मात्र मिनेसोटाला मधल्या फळीतले खेळाडू सोडायला सुरुवात करावी लागेल.